इंजिन न लावता

"काल काय आणलीत हो बोट आत!" असं भट्टीवाले काका म्हणाले तेव्हा तिच्या हातात वापरलेल्या तेलाची बाटली होती, आणि ती बाटली तिने रॅकमध्ये तिच्या जागी नीट ठेवली, झाकण वर, चिठ्ठी समोर. काका प्रयोगशाळेतली भट्टी सांभाळायचे, म्हणून त्यांचं नाव तसं पडलेलं. डॉक्टरांनी चालायला सांगितलं म्हणून ते रोज संध्याकाळी बंदराच्या भिंतीवर फिरायचे आणि तिथे दिसलेलं सगळं दुसऱ्या दिवशी चहाबरोबर वाटायचे. "इंजिनाचा आवाज नाही, काही नाही, नुसतं शीड. मी म्हटलं, आता ही धक्क्यावर आपटणार. तर छे! मांजर घरात शिरतं तशी शिरली, पायांचा आवाज नाही. आणि तुम्ही पुढे उभ्या, पिवळं जॅकेट, हातात दोरी. अशा अलगद उतरलात, वा! मिस्टर मागून हसतायत. मी हात केला, पण तुमचं लक्ष कुठलं इकडे!" ती म्हणाली, "हो, वारा चांगला होता." मग काका चहा ढवळत दुसऱ्या विषयाकडे वळले, आणि ती आपण काय बोललो ते ऐकत उभी राहिली. काल ती बोटीवर नव्हती. काल ती घरी स्वयंपाकघरातल्या नळाचा वायसर बदलत होती. जॅकेट तिचंच होतं, पण आत धाकटी बहीण होती.

तेलं तपासणं हे तिचं काम. गावोगावच्या इंजिनांमधून काढलेलं थोडं थोडं काळं तेल बाटल्यांमधून तिच्या टेबलावर यायचं, आणि त्यात किती लोखंड उतरलंय, किती तांबं, कुठे खारं पाणी शिरलंय, हे बघून ती सांगायची की आत काय झिजतंय. इंजिन तिने कधी पाहिलेलंही नसायचं. लोकांना वाटतं झीज म्हणजे आवाज, धूर, खडखड. ते फार नंतर. आधी नुसता रंग एक छटा गडद होतो, आणि तोही ज्याला बघता येतो त्यालाच दिसतो. काकांचं बोलणं ऐकून तिच्या आत नेमकं तसं काहीतरी झालं. दिवसभर ती काम करत राहिली, एकही आकडा चुकला नाही, आणि तिला पुन्हा पुन्हा एकच गोष्ट दिसत राहिली: नवरा मागे सुकाणूवर, हसतोय, आणि बोट आवाज न करता आत येतेय. नवरा घरी आल्यावर नुसता "मजा आली" म्हणाला होता. जेवला, नळ उघडून बघितला, "वा, गळायचा थांबला" म्हणाला आणि झोपला. बोट इंजिन न लावता धक्क्याला लावली, हे त्याने सांगितलं नाही. लपवलं म्हणावं तर तसंही नाही. लपवायला आधी ते सांगण्यासारखं वाटायला हवं होतं.

शिडाच्या बोटीत इंजिन असतं हे पुष्कळांना माहीत नसतं, आणि ज्यांना असतं ते त्याविषयी बोलत नाहीत. फोटो शिडाचा काढतात. भिंतीवर लावतात तोही शिडाचाच. इंजिन खाली, केबिनच्या पायऱ्यांमागे एका खोक्यात असतं, घरातल्या मोरीसारखं. पाहुण्यांना दाखवायचं नाही आणि त्याच्याशिवाय घर चालत नाही. वारा पडला, ओहोटी आडवी आली, बंदराच्या अरुंद तोंडातून आत शिरायचं झालं, की शीड उतरवतात आणि त्याची आठवण काढतात. बोट घेतली त्या पहिल्याच हंगामात एकदा भर दुपारी वारा पडला, इंजिन लावलं तर ते तापून शिट्टी मारायला लागलं, नवरा सुकाणूवरून शिव्या घालत होता, आणि तिने खोकं उघडून बघितलं तर थंडाव्याचं पाणी आत घेणारा कॉकच बंद. तिने तो उघडला. दातांचा डॉक्टर असलेल्या, माणसांच्या तोंडात बारीक यंत्रं फिरवणाऱ्या नवऱ्याला तो सापडला नव्हता. "बरं झालं बाई तू आहेस," तो म्हणाला, आणि तेव्हापासून इंजिन तिचं झालं. दोऱ्यांमध्ये तिला कधीच गती आली नाही. वारा कुठून येतोय ते तिला मान वर करून बघावं लागायचं, आणि बघेपर्यंत तो दुसरीकडून यायला लागायचा. पण पायऱ्यांशी बसून किल्ली अर्धी फिरवायची, इशाऱ्याचा भोंगा किरकिरला की एक श्वास थांबायचं, मग पूर्ण फिरवायची, इंजिन लागलं आणि तेलाचा दाब चढला की भोंगा गप्प, हे सगळं तिच्या हाताला असं बसलं होतं की झोपेतही चुकलं नसतं.

आणि मग आत यायचं. ते ती कुणाला सांगू शकली नसती, कारण सांगितलं तर त्यात काहीच नव्हतं. नवरा दोरी घेऊन पुढे नाळेवर, बोटीच्या टोकाशी उभा राहायचा, तिच्याकडे पाठ करून. ती मागे, एक हात सुकाणूवर, एक हात इंजिनाच्या दांड्यावर. तो काही बोलायचा नाही, वळायचा नाही. त्याचा उजवा खांदा किंचित उतरला की वेग कमी करायचा, मान आखडली की उलटा गियर टाकायचा, पाय उचलला की तो आता उडी मारणार, बोट थांबलेलीच हवी. बोट थांबलेलीच असायची. लग्नाच्या इतक्या वर्षांत ती दोघं याहून जवळ कधी आली नव्हती असं तिला वाटायचं. अंथरुणातसुद्धा नाही, तिथे निदान विचारावं लागायचं. उडी मारून दोरी बांधली की तो सगळं विसरून कुणाशी तरी गप्पा मारायला लागायचा. ती किल्ली बंद करायची आणि इंजिनाच्या गरम खोक्यावर तळहात ठेवून थोडा वेळ बसायची.

धाकटी या शहरात आली ती आपला संसार मोडून, कापडाच्या कारखान्यात नक्षीकामाची नोकरी धरून. "तिला जरा बाहेर ने रे," असं तिनेच नवऱ्याला सांगितलं होतं, "घरात बसून कुढत राहील." पायावर धोंडा आपल्याच हाताने पाडून घेतला, असं आई म्हणाली असती. नाही, आई असं म्हणाली नसती. आई म्हणायची, मोठी आहे म्हणून घर चालतं आणि धाकटी आहे म्हणून घर हसतं. ती हे कौतुकाने म्हणायची, दोघींना जवळ घेऊन, आणि वाटणी किती न्यायाने केली आहे अशा समाधानाने. धाकटीला ती भिंगरी म्हणायची. मोठीला नाव होतं तेच. आई शेवटची आजारी होती तेव्हा मोठी तिथे रात्रंदिवस होती, कपडे, औषधं, डॉक्टरांची मनधरणी. आई डोळे मिटून पडलेली असायची, हाताला हात लावला तर बोटं हलवायची, इतकंच. मग धाकटी आली, गाडीचा प्रवास करून, विस्कटलेल्या केसांनी, दारातूनच "काय गं, झोपून काय राहिलीस?" म्हणाली, आणि आईने डोळे उघडले. त्या वेळी मोठीला आनंद झाला होता. खरोखर झाला होता. नंतर बाहेर येऊन तिने मोसंब्यांची सालं कचऱ्यात टाकली आणि टोपली धुतली, आणि धुताना तिच्या लक्षात आलं की आपण ती दोनदा धुतोय.

बोटीवर धाकटी पहिल्या दिवशी गेली आणि संध्याकाळी नवरा म्हणाला, "अगं, तिला गालावर कळतो वारा! मी सांगायच्या आधी दोरी सोडते." पुढच्या खेपेला तो तिला भिंगरी म्हणायला लागला. माहेरचं ते नाव त्याच्या तोंडात ऐकताना तिला कसंसंच झालं, आपल्या लहानपणीच्या फ्रॉकला कुणीतरी हात पुसावे तसं. दोघांमध्ये तसलं काही नव्हतं, हे तिला तेलातलं लोखंड दिसावं इतक्या स्वच्छ दिसत होतं. तसलं असतं तर बरं झालं असतं; त्याला शब्द आहेत, रडणं आहे, चार माणसं बाजू घेतात. पण आपल्या नवऱ्याने आपल्या बहिणीबरोबर बोट इंजिन न लावता आत आणली, हे कुणाकडे जाऊन सांगायचं? कोण म्हणणार, अरेरे?

त्या आठवड्यात धाकटी जेवायला आली तेव्हा नवऱ्याने इंजिनाचा विषय काढला. भाकरीचा तुकडा हातात धरून त्याने तो बोटीसारखा ताटावरून फिरवला. "हा पंखा असतो ना खाली, इंजिनाचा, तो शिडावर चाललो की नुसता पाणी ओढतो. पाय घासत चालल्यासारखं. आणि इंजिनाचं वजन! ते काढलं तर बोट अशी पळेल." धाकटी हसत म्हणाली, "भावोजी, शिडाच्या बोटीत इंजिन म्हणजे गवयाने खिशात टेप घेऊन गायला बसावं तसंय. सूर लागला नाही तर आहेच!" नवरा इतका हसला की त्याला ठसका लागला, आणि पाणी द्यायला दोघी एकदमच उठल्या. ग्लास मोठीच्या जवळ होता. "आणि वारा पडला तर?" तिने विचारलं. "तर थांबायचं," धाकटी म्हणाली. "थांबायला काय हरकत आहे ताई? तुला नेहमी पोचायचंच असतं." हे तिने प्रेमाने म्हटलं होतं. नवरा म्हणाला, "बोट दोघांच्या नावावर आहे, तुझ्या होकाराशिवाय मी स्क्रूसुद्धा काढणार नाही. रविवारी तिघं जाऊ. इंजिन न लावता आत येऊन दाखवतो तुला, मग तूच सांग, ठेवायचं की उतरवायचं." ती "बरं" म्हणाली. उतरवलं तर आपण त्या बोटीवर कोण, हे तिने विचारलं नाही. तिला उत्तर माहीत होतं: डबे आणणारी.

रविवारी वारा सकाळभर छान होता. सवयीने तिने निघतानाच खोकं उघडून कॉक उघडा करून ठेवला. मग ती केबिनच्या पायऱ्यांवर बसली, आणि त्या दोघांना बघत राहिली. त्यांना बघण्यासारखं होतं, हेच वाईट. तो सुकाणू जरा इकडे करायचा आणि धाकटीचे हात आधीच दोरीवर असायचे. ती मान तिरकी करायची आणि तो "हो, मलाही वाटतंय" म्हणायचा. शीड भरलं की बोट एका कुशीवर कलायची, सगळे आवाज थांबायचे, फक्त पाणी सळसळत मागे जायचं. ते सुंदर होतं. धाकटीचे केस तोंडावर येत होते आणि ती ते खांद्याने बाजूला करत होती, हात मोकळे नव्हते म्हणून. लहानपणी सायकल शिकताना ती असंच करायची. सायकलची साखळी पडली की बसवायची मोठीने, आणि तिच्या काळ्या झालेल्या हातांकडे बघून धाकटी म्हणायची, "ताई, तू किती हुशार आहेस गं," आणि टांग टाकून निघून जायची. ती तेव्हाही खोटं बोलत नव्हती. तिला खरंच ताई हुशार वाटायची. हुशार माणसाचा हेवा करता येत नाही, त्याचं कौतुक करून निघून जाता येतं, आणि मग मागे राहिलेल्याने हात कशाला पुसायचे ते शोधायचं.

परतताना ओहोटी लागली होती आणि वारा मंदावला होता. बंदराचं तोंड समोर दिसत होतं, डाव्या हाताला लाटा अडवायची लांब दगडी भिंत. नवरा म्हणाला, "बघ आता," आणि सुकाणू सरळ धरलं. भिंतीच्या आडोशाला आल्याबरोबर वारा गेला. कमी झाला असं नाही, एखादं दार लोटून घ्यावं तसा गेला. शीड दोनदा फडफडलं आणि लोंबलं. बोट जराशी पुढे सरकली, मग पुढे सरकायची थांबली, आणि मग आडवी सरकायला लागली, भिंतीकडे. ओहोटीचं पाणी त्या दगडांवरून खळखळत बाहेर जात होतं. नवऱ्याने सुकाणू इकडून तिकडे केलं, बोट वळेना. तो हट्टी माणूस नव्हता. त्याने लगेच म्हटलं, "जाऊ दे. लाव इंजिन."

तिचा हात किल्लीवरच होता. किल्ली उन्हाने कोमट झाली होती. फिरवायची आणि बस, एवढंच उरलं होतं. तो हरला होता, भिंगरी हरली होती, तिने फिरवली असती तर घरी जाईपर्यंत कुणी इंजिन काढायचं नाव घेतलं नसतं. हे तिला नंतर कळलं, नंतर अगदी स्वच्छ कळलं. त्या क्षणी तिला एवढंच ऐकू आलं की त्याने "जाऊ दे" म्हटलं. इतक्या वर्षांचं तिचं सगळं त्या "जाऊ दे"मध्ये होतं. ती म्हणाली, "लागत नाहीये."

तिने हे ठरवलं नव्हतं. आवाज तिचा होता आणि नेहमीसारखाच शांत होता. "काय?" नवरा ओरडला. "लागत नाहीये," ती पुन्हा म्हणाली, आणि न फिरवलेल्या किल्लीवर तिची बोटं पांढरी झाली. भिंतीवरचं शेवाळ आता वेगवेगळं दिसत होतं, त्यात अडकलेला एक दोरीचा तुकडाही. नवऱ्याने मान वळवली, आणि तो ओरडला, "भिंगरी! वल्हं!" धाकटीने केबिनच्या कडेला बांधलेलं वल्हं सोडून त्याच्याकडे ढकललं, आणि तो ते मागच्या खाचेत अडकवतोय तोवर ती धावत नाळेवर गेली, पुढच्या शिडाचं लोंबतं टोक धरलं आणि अंगाने बाहेर झुकून, हात लांब करून, नसलेल्या वाऱ्यात ते उलटं उघडून उभी राहिली. तो मागे वल्हं मारत होता, मानेच्या शिरा फुगवून. कुणी कुणाला काही सांगत नव्हतं. भिंतीवरून एक बारीक झुळूक वळून आली, तिने ती शिडात धरली, नाळ हळूहळू, नकोसं असल्यासारखी, बाहेर वळली. त्याने वल्हं थांबवलं, ती एक पाय मागे सरकली, तो पुन्हा वल्हवायला लागला. दगड बाजूने गेले, हात लांब केला असता तर लागले असते. मोठी पायऱ्यांवर बसून बघत होती. तिने भिंतीकडे एकदाही पाहिलं नाही. तिला वाटलं होतं की ते गोंधळतील, तिच्याकडे वळतील, ताई काहीतरी कर म्हणतील, आणि मग किल्ली लागेल. त्याऐवजी तिने स्वतःच्या हाताने त्यांना हे दिलं होतं, त्या दिवशीच्या भट्टीवाल्या काकांनाही दिसलं नसेल असं. आणि हे बघायला एकटी तीच होती.

धक्क्याला बोट लागल्यावर शेजारच्या बोटीवरच्या म्हाताऱ्याने टाळ्या वाजवल्या. नवरा दमून हसत होता. तो उतरून दोऱ्या आवळायला लागला आणि धाकटी पाणी प्यायला खाली केबिनमध्ये आली. तिच्या तळहातांची सालं निघाली होती. पाणी पिऊन तिने बाटलीचं झाकण लावलं आणि झाकणाकडेच बघत म्हणाली, "ताई, भोंगा वाजला नव्हता." इतक्या वर्षांच्या सवयीत भोंगा मोठीला ऐकूच यायचा बंद झाला होता. खोटं बोलताना तो वाजायला हवा, हे तिला सुचलंच नाही. "मी त्यांना नाही सांगणार," धाकटी म्हणाली. "त्यांनी ऐकलंही नसेल, शीड फडफडत होतं." ती हे चिडून म्हणाली असती तर सोपं होतं. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि भीती होती ती भिंतीची नव्हती. वरून नवऱ्याचा आवाज आला, "अगं, मेकॅनिकला फोन करतोय गं! उद्याच उतरवून घेऊ. ऐनवेळी दगा देणारं इंजिन काय चुलीत घालायचंय?" धाकटीने मान वर केली आणि ताईकडे बघितलं. आता तीही ताई काय करते ते बघायला थांबली होती.

मोठी पायऱ्या चढून वर आली. तिने खाली हात घालून किल्ली फिरवली. भोंगा किरकिरला, इंजिन पहिल्या झटक्यात लागलं, भोंगा गप्प झाला, मागून थंडाव्याचं पाणी पचपच बाहेर पडायला लागलं. नवरा फोन कानापाशी धरून तसाच उभा राहिला. "इंजिनाने काही केलं नाही," ती म्हणाली. "मी लावलंच नव्हतं." त्याने फोन खाली घेतला. कुणीतरी त्यातून हॅलो हॅलो म्हणत होतं. "म्हणजे?" तो म्हणाला. "अगं, भिंतीवर गेलो असतो. ती पुढे उभी होती, नाळेवर. सगळ्यात आधी ती चेंगरली असती." "हो," ती म्हणाली. "का पण?" असं त्याने विचारलं तेव्हा तिला कारण शोधावं लागलं नाही, ते एखाद्या साध्या नोंदीसारखं तोंडात होतं. "मला बघायचं होतं, मी नाही म्हटल्यावर तू कुणाला हाक मारतोस."

नवरा तिच्याकडे बघत राहिला. इंजिन चालू होतं आणि बोट त्याच्या तालावर बारीक थरथरत होती, ताणलेल्या दोऱ्यांसकट. धाकटी केबिनच्या दारात येऊन थांबली होती. मग त्याने विचारलं, "कुणाला मारली?" टोमणा नव्हता त्यात. त्याला खरंच आठवत नव्हतं.

"तिला," ती म्हणाली.

तो विचार करायला लागला. तिने त्याला असा विचार करताना पाहिलं होतं, एखाद्या रोग्याने दुखरा दात चुकीचा दाखवला की तो असाच थांबायचा. त्याने सुकाणूकडे पाहिलं, मग धाकटी बसली होती त्या जागेकडे, मग केबिनच्या पायऱ्यांकडे. "वल्हं तिच्याजवळ होतं," तो अखेर म्हणाला. आणि थकून, "मग राहू दे ते इंजिन. त्याचा बिचाऱ्याचा काय दोष," असं म्हणून त्याने फोन खिशात टाकला आणि धाकटीच्या हाताला लावायला औषधाची पेटी आणायला गेला.

वल्हं तिच्याजवळ होतं, हे खरं होतं. मोठीने उभ्या जागेवरून एकेक अंतर नजरेने मोजून पाहिलं: तो जिथे होता तिथून धाकटी, धाकटी जिथे होती तिथून वल्हं, आणि पायऱ्यांवर ती स्वतः, मध्ये दोऱ्यांचा गुंता. त्याच्या जागी दुसरं कुणीही असतं तरी त्याने त्याच माणसाला हाक मारली असती. ती स्वतः असती तरी. तिने पुन्हा मोजलं, आणि पुन्हा तेच आलं, आणि आतलं काहीही कमी झालं नाही.